गाळलेला प्रश्न

तळवडेकर सरांनी चहाचा कप खाली ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "झालं. निघतो मी."

"झालं कसं?" मी म्हणाले. "एक राहिला की."

"कुठला?"

"शेवटचा. पुढच्या वर्षी माल किती वाढेल असं वाटतं, तो."

सर टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. "राहू दे या वेळी," ते म्हणाले.

संक्रांत झाली की सर यायचे आणि दरवर्षी तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारायचे. कामगार किती, त्यातले नवे किती, कोळसा कुठून आणला, माल कुणाला गेला, पैसे वेळेवर आले का, कुणाशी वाजलं का. मला ते सगळे पाठ झाले होते. बाकीच्या प्रश्नांत झालं-गेलं सांगायचं असे, शेवटच्यात मात्र जरा पुढचं बोलायला मिळे. मी त्याची वाट बघायची. आणि त्या वर्षी तर माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं.

आमची फौंड्री कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत होती. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं आणि इंजिनाचे लहानमोठे भाग करून द्यायचे, हे काम. मुळात ती माझ्या मालकांची. शेडमध्येच शॉक लागून ते गेले. त्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा सर पहिल्यांदा दारात उभे राहिले होते. हातात कागदांची चळत, पायांत धुळीनं माखलेल्या चपला. "मालक आहेत का?" म्हणाले. मी म्हटलं, "मीच." तेवढ्यात आमच्या रंगराव मिस्त्रींनी त्यांच्या कानात काही सांगितलं आणि ते कावरेबावरे होऊन मागे फिरले.

"थांबा," मी म्हटलं. "आलाच आहात तर विचारा काय विचारायचं ते."

त्या दिवशी अर्ध्याहून जास्त प्रश्नांना मला उत्तर देता आलं नाही. कोळसा कुठून येतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, "माहीत नाही असं लिहितो. तेही उत्तरच असतं." पण मला ते लागलं. पुढच्या वर्षी हा माणूस परत येणार आणि परत हेच विचारणार, म्हणून मी एकेक गोष्ट शिकत गेले. भट्टी शिकवली ती शेजारच्या शेडच्या बाळगोंडा खोतांनी. ते माझ्या मालकांचे मित्र, वयानं मोठे, सगळी वसाहत त्यांना अण्णा म्हणायची. लोखंडाचा रंग बघून ते तयार झालं की नाही हे कसं ओळखायचं, ते त्यांनी मला शेजारी उभं करून दाखवलं. कामगार माझं ऐकेनात तेव्हा ते स्वतः येऊन शेडच्या मध्ये खुर्ची टाकून बसले. काही बोलले नाहीत, नुसते बसले दिवसभर.

सर मूळचे कोकणातले. शहरातल्या कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. स्कूटरवरून वसाहतीतली साठेक शेडं फिरायचे, वर्षातून एकदा प्रत्येकाकडे. या कामाचे त्यांना कुणी पैसे देत नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, "सर, हे तुम्ही कशासाठी करता?"

"मुलांना मी शिकवतो ती पुस्तकं अमेरिकेतल्या कंपन्यांची आहेत," ते म्हणाले होते. "फार झालं तर मुंबईच्या. ही मुलं उद्या तुमच्याकडे, खोतांकडे कामाला येणार. तुमच्याकडचा धंदा कसा चालतो, कसा वाढतो, कसा बुडतो, हे कुठल्या पुस्तकात आहे? कुणी बघितलेलंच नाही."

"मग एकदा बघितलं, लिहिलं, झालं. दरवर्षी कशाला?"

"एकदा विचारलं तर माणूस बरं दिसेल ते सांगतो. दहा वर्षं विचारलं की त्याला खोटं बोलायचा कंटाळा येतो."

विद्यापीठाला त्यांचं हे काम पसंत नव्हतं. चार महिन्यांत उरकेल असं काहीतरी करा, निबंध छापा, असं त्यांना सांगत. काही मासिकं पैसे घेऊन निबंध छापतात, त्यावर सहकाऱ्यांना बढत्या मिळत होत्या, हे ते हसत सांगायचे. दरवर्षी ते एक अहवाल स्वतःच्या खर्चानं छापून प्रत्येक शेडात आणून द्यायचे. पहिल्या वर्षी मी तो उघडून त्यात आमच्या फौंड्रीचं नाव शोधलं. ते नव्हतंच, कुणाचंच नव्हतं. म्हणून मग पुढचे मी उघडले नाहीत.

नाव नसण्याचं कारण सरांची अट. प्रश्न सुरू करण्याआधी ते दरवर्षी एक वाक्य मोठ्यानं वाचायचे: आपण जे सांगाल ते मी दुसऱ्या कुणालाही सांगणार नाही. मी हसायची. "सर, एवढ्या वर्षांनंतर वाचायलाच पाहिजे का?" ते म्हणायचे, "हो." आणि म्हणून लोक त्यांना सगळं सांगायचे. बायकोला सांगत नाहीत ते सांगायचे. आमच्याच वसाहतीत शेजारच्याला शेजारच्याचा भाव ठाऊक नसे, पण सरांना प्रत्येकाचा ठाऊक होता.

त्या वर्षी सगळ्यांच्या डोक्यात एकच विषय होता. आमचा बहुतेक माल हायवेपलीकडच्या ट्रॅक्टर इंजिनांच्या मोठ्या कंपनीत जायचा. सरळ जायचा नाही, व्यापाऱ्यांमार्फत जायचा, त्यामुळे प्रत्येकाला वाटे की आपली तीन-चार गिऱ्हाइकं आहेत. कंपनीत खरेदीला गर्गे नावाचे नवे साहेब आले होते. त्यांनी सगळ्यांना कळवलं की कोळशाच्या भट्टीचा माल आता चालणार नाही, पाडव्यापर्यंत विजेच्या भट्ट्या बसवा, काम दुप्पट देतो. विजेची भट्टी म्हणजे शेड, घर, बायकोचे दागिने, सगळं बँकेकडे ठेवायचं काम. तरीही जो तो धावत होता. अण्णांनी तर पायाचा खड्डाही खणायला घेतला होता. माझे कागद बँकेत तयार होते, सोमवारी सह्या करायच्या होत्या.

हे सगळं मी सरांना मघाशीच सांगितलं होतं. आणि आता ते शेवटचा प्रश्न टाळून उठले होते.

"सर, बसा," मी म्हटलं.

ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. बाहेर भट्टी पेटलेली होती, ब्लोअरच्या आवाजात खिडकीची काच थरथरत होती.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तुम्ही माझ्या जागी असता, तर ही भट्टी घेतली असती?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या माणसाचा चेहरा मी इतकी वर्षं बघत होते. तो असा कधी झालेला मला आठवत नाही. कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे लोटावं तसे ते जागच्या जागी हलले.

"नाही," ते म्हणाले.

"का?"

"आता पुढे विचारू नका. एवढंही मी बोलायला नको होतं."

आणि ते गेले. स्कूटर दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा चालू झाली.

सोमवारी मी बँकेत जाऊन नको म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं तब्येत बरी नाही. भट्टी देणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. रंगराव मिस्त्री दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी अण्णा आले. बाहेरच्या नळावर हात धुतले, धोतराला पुसले आणि उभ्या-उभ्याच म्हणाले, "वैनी, ह्ये काय ऐकतोय मी? बँकेला न्हाई म्हणालासा?"

"हो अण्णा."

"कशापायी? आता तर कुठं दिवस येणार आपलं."

मी त्यांना काय सांगणार होते? सरांनी मला शपथ घातली नव्हती, पण त्यांचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे होतं. दुसरीकडे हा माणूस, ज्यानं माझ्यासाठी दिवसभर शेडात खुर्ची टाकली होती. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही पण थांबा. एक वर्ष थांबा. खड्डा तसाच राहू दे."

"कोण म्हणालं?"

"मला वाटतं."

"तुमास्नी वाटतंय." ते माझ्याकडे बघत राहिले. अण्णा शाळा फारशी शिकले नव्हते, पण माणूस तल्लख होता. "शुक्रवारी तळवडेकर आलता न्हवं तुमच्याकडं?"

मी नळ घट्ट बंद करायला वळले. हो म्हणायची गरजच राहिली नाही.

"त्याला काय ठाव हाय?"

"मला माहीत नाही अण्णा. खरंच माहीत नाही. थांबा एवढंच सांगते."

ते वळले आणि चालू लागले. मला वाटलं शेडकडे जातील आणि खड्ड्याचं काम थांबवतील. ते सरळ रस्त्याला लागले, विलासराव शिरगाव्यांच्या ऑफिसकडे. शिरगावे उद्योजक संघटनेचे अध्यक्ष आणि सरांच्या कॉलेजच्या संस्थेवरही होते.

दोन दिवसांनी संघटनेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. मी गेले तेव्हा हॉल भरला होता. बायका आम्ही दोघीच, मी आणि चहा देणारी. टेबलामागे शिरगावे, त्यांच्या शेजारी गर्गेसाहेब, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुढ्यात पाण्याची बाटली. तळवडेकर सर टेबलापुढे उभे होते. त्यांना खुर्ची दिली नव्हती. बहुतेक मुद्दाम नसेल, पण दिली नव्हती.

"सर," शिरगावे म्हणाले, "कंपनीबद्दल तुम्ही बाहेर काही बोलता असं कानावर आलंय. खरं काय?"

"मी बाहेर काही बोललो नाही."

"मगदूम वहिनींना बोललात."

मी उभी राहिले. "सर मला काही बोलले नाहीत," मी म्हटलं. "भट्टी घ्यायची नाही हे माझं मी ठरवलं. एकट्या बाईला एवढं कर्ज झेपणार नाही म्हणून."

मला वाटलं, निभावलं. आणि सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, माझ्यासाठी खोटं बोलू नका." मग टेबलाकडे तोंड करून, "मी त्यांना एक शब्द बोललो. तो बोलायला नको होता. तुम्ही सगळ्यांनी विश्वासानं मला माहिती दिलीत, त्याबद्दल तुम्हा सगळ्यांची माफी मागतो."

मग गोंधळ उसळला. मागून कुणीतरी ओरडलं, "कुणी सांगितलं तुला?"

"ते मी सांगणार नाही."

"काय सांगितलं ते तर बोल!"

"तेही नाही. काय सांगितलं ते कळलं की कुणी सांगितलं ते तुम्ही दोन मिनिटांत ओळखाल. त्या माणसाची नोकरी, घर..." सर थांबले. एवढंही जास्त झालं असं त्यांना वाटलं असावं.

"आणि आमचं घर?"

"आमची माहिती कुणाला विकतोस रे? किती मिळतात?"

"ह्यांचे भाव त्याला, त्याचे भाव ह्याला. अकरा वर्षं हाच धंदा!"

सर एकेकाकडे बघत होते. बोलणारा प्रत्येक माणूस त्यांना ओळखीचा होता. कुणाच्या मुलीचं लग्न कशावर अडलंय, कुणी भावाला न सांगता कुठे जागा घेतली, सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यातलं एक वाक्य त्यांनी काढलं असतं तर अर्धा हॉल गप्प झाला असता. ते काहीच बोलले नाहीत.

गर्गेसाहेबांनी हात वर केला. आवाज मऊ, शुद्ध. "अहो, आम्ही कुठे जाणार? इथं आमचा कारखाना आहे, माणसं आहेत. हे सर विद्वान आहेत, अभ्यास करतात, पण धंदा कागदावर होत नाही. मी तुम्हाला शब्द देतो, पाडव्याला माझी पहिली गाडी तुमच्या दारात लागेल." त्या बिचाऱ्याला तरी खरं काय ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बघितलं, टाळ्या वाजवताना माणसांचे चेहरे सैल पडत होते. त्यांना हेच ऐकायचं होतं.

टाळ्या थांबल्यावर अण्णा उठले. ते ओरडले नाहीत.

"सर," ते म्हणाले, "माझं एक सांगा. तुमी माझ्याकडं बी आलतासा. खड्डा माझा तुमच्या डोळ्यांम्होरं हुता. ह्यास्नी सांगितलासा, मला का न्हाई?"

सरांनी तोंड उघडलं. आता काहीतरी सांगणार असं मला वाटलं, सगळ्यांनाच वाटलं. पण त्यांनी ते तसंच मिटलं आणि खाली बघितलं.

"बसा अण्णा," शिरगावे म्हणाले. "त्याच्याजवळ उत्तर नाही." मग त्यांनी जाहीर केलं की आजपासून या माणसाला कुणी शेडात घ्यायचं नाही आणि कॉलेजला काय कळवायचं ते आपण कळवू. सर दाराकडे निघाले तेव्हा लोकांनी वाट दिली, पण एवढीच की अंग चोरून जावं लागेल. मी मागे धावले नाही. उठावंसं वाटलं, पण अण्णा माझ्याकडे बघत होते.

पाडव्याला वसाहतीत नव्या भट्ट्यांच्या पूजा झाल्या. पेढे वाटले. माझ्या शेडात कुणी पेढे आणले नाहीत. गर्गेसाहेबांचा शब्द खरा ठरला, गाड्या लागल्या, काम वाढलं. पावसाळाभर सगळे दोन पाळ्या चालवत होते. माझे चांगले ओतारी जास्त पगारावर दुसरीकडे गेले. रंगराव मिस्त्री तेवढे राहिले, तेही रोज मला ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटत. मला स्वतःला वाटू लागलं की सर चुकले. खरं म्हणजे तसंच व्हावं असं मी देवापाशी म्हणत होते. माझं नुकसान झालं तरी चालेल, पण त्या माणसाचा शब्द खोटा ठरू दे.

दिवाळीनंतर गाड्या कमी झाल्या. व्यापारी म्हणाले, वर्षअखेर आहे. मग म्हणाले, जानेवारीत सुरू होईल. होळीच्या आसपास पेपरात बातमी आली की कंपनीनं दुसऱ्या राज्यात जमीन, वीज, सगळं सवलतीत घेऊन मोठा कारखाना उभा केलाय आणि तिथंच स्वतःची फौंड्री टाकलीय. तेव्हा लोकांना समजलं की आपले सगळे व्यापारी एकाच दाराशी माल नेत होते. गर्गेसाहेबांची बदली झाली होती.

त्या वर्षभरात एकेक शेड बंद झालं. अण्णांचं सगळ्यांत आधी गेलं, कारण त्यांनी सगळ्यांत मोठी भट्टी घेतली होती. बँकेची माणसं आली त्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी मला बघितलं आणि शेडचं शटर आतून ओढून घेतलं. पुढे ते निपाणीला जावयाकडे गेले, त्याच्या दुकानात बसायचे म्हणे. दोन वर्षांत वारले. मी दिवसांना गेले होते. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला पाणी दिलं नाही.

लोक म्हणायचे, तिला ठाऊक होतं आणि त्या मास्तरला ठाऊक होतं, दोघांनी मिळून आम्हाला बुडवलं. मी एकदा एकाला म्हटलंही, "अहो, हॉलमध्ये तुम्हीच टाळ्या वाजवल्यात ना?" तो म्हणाला, "मग त्यानं ठामपणे सांगायचं होतं." आमच्या दोघांविषयी लोकांनी आणखीही काय काय जोडलं. ते मी इथं लिहीत नाही.

कर्जातून वाचून तरी मी काय केलं? चार शेडं चालू असलेल्या वसाहतीत कोळशाची गाडी येईना. साचे बनवणारे सुतार गाव सोडून गेले. तीन-चार वर्षं ओढलं आणि मीही विकून टाकलं. तिथं आता कुरिअर कंपनीचं गोदाम आहे.

सरांची संस्थेनं आजऱ्याकडच्या शाखेत बदली केली. तिथं ते अकरावी-बारावीला हिशेब शिकवत. त्यांचा अभ्यास थांबला. त्यांच्यानंतर दुसरे कुणी-कुणी वसाहतीत आले. डॉक्टरेट करणारे, सरकारनं पाठवलेले, एकदा तर पुण्याहून गाडी करून चौघे आले. उरलेल्या मालकांनी त्यांना चहा दिला आणि सगळं उत्तम चाललंय असं सांगितलं. त्या उत्तरांवर जाड अहवाल झाला, त्याचं प्रकाशन झालं, माझ्याकडेही आमंत्रण आलं होतं. पुढे साखर कारखान्यांना यंत्रं पुरवणारी शेडं बुडाली, तेव्हाही आधी कुणालाच काही कळलं नाही. ज्याला कळलं असतं असा माणूसच आता कुणाच्या दारात जात नव्हता.

मी सरांना शेवटचं भेटले ते कुडाळला, एका लग्नाला गेले होते तेव्हा. पत्ता विचारत त्यांच्या गावी गेले. निवृत्त होऊन घरीच होते. पत्नी गेलेल्या. अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या आणि ते काठी घेऊन कावळे हाकत बसले होते. मला लगेच ओळखलं. आत जाऊन स्वतः कोकम सरबत करून आणलं, त्यात मीठ जास्त झालं होतं.

इकडचं तिकडचं बोललो. अण्णा गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. शेवटी मी म्हटलं, "सर, एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. तुम्ही मलाच का सांगितलंत? मी विधवा, एकटी, म्हणून? तसं असेल तर सांगा. मला राग येणार नाही."

"नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही विचारलंत."

"म्हणजे?"

"अकरा वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. मला कुणी कधी काही विचारलं नाही. सर चहा घेणार का, एवढंच. अहवाल दिला, त्यातलं एक पान कुणी उघडून हे काय म्हणून विचारलं नाही. विद्यापीठानं विचारलं नाही, संघटनेनं विचारलं नाही. त्या हॉलमध्येसुद्धा बघा. कुणी सांगितलं, किती पैसे घेतलेस. भट्टी घालू का नको, असं एकानंही विचारलं नाही." त्यांनी काठी उचलली, पण कावळा नव्हता. "दिलेला शब्द मोडायचा नाही असं ठरवूनच त्या वर्षी मी फिरत होतो. पण कुणी तोंडावर विचारलं तर खोटं सांगायचं नाही, असंही ठरवलं होतं. तो शेवटचा प्रश्न मी सगळ्यांकडेच गाळत होतो. त्याचं खरं उत्तर मला ठाऊक असताना तो विचारायचा कसा?"

"मग अण्णांना हॉलमध्ये तेच का सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुम्ही विचारलं नाहीत म्हणून? सगळ्यांसमोर?"

मग त्यांचे तेच बोलू लागले.

"खोतांकडे मी तुमच्या आदल्या दिवशी गेलो होतो. खड्ड्याच्या काठावर खुर्च्या टाकल्या होत्या त्यांनी, कौतुकानं. सगळे प्रश्न झाले. शेवटचा गाळला, टोपण लावलं. उठलो आणि पुन्हा बसलो. म्हटलं, एवढा हुशार माणूस, काहीतरी विचारेल. नुसतं 'काय सर, गप्प का?' असं म्हणाले असते तरी मी बोललो असतो. बराच वेळ बसलो मी तिथं."

"मग?"

"ते हसले. म्हणाले, सर, तुमचा शेवटचा प्रश्न विसरलासा. असू दे, माझं मीच सांगतो. दुप्पट. लिवा, दुप्पट."

"आणि तुम्ही?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी लिहून घेतलं," ते म्हणाले.